गुण द्या, कारणही द्या

शिक्षकाने एकदा गुण दिले की विषय संपला, असं मानणारा मोठा वर्ग आपल्या शाळा-कॉलेजांत आहे. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव, कुठल्याही स्टाफरूममध्ये निकालाच्या आठवड्यात बसा, हे ऐकायला मिळेलच. असं म्हणणारे बहुतेक जण मन लावून शिकवणारे असतात, म्हणून त्यांचं म्हणणं नीट मांडूनच उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, मुलाला वर्षभर पाहतो तो शिक्षक, विषय कळतो तो शिक्षकाला. त्याच्या गुणांवर अपील म्हणजे त्याच्या सचोटीवर संशय. दाद मागायची सोय केली की उद्या प्रत्येक पालक एखाद्या पुढाऱ्याला घेऊन शाळेत हजर होईल. आणि सर्वोच्च न्यायालयानेच सांगून ठेवलंय की या कामात जाणकारांचा शब्द अखेरचा.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. गुण शिक्षकानेच द्यावेत. मुख्याध्यापकाने नाही, संस्थाचालकाने नाही, कोर्टानेही नाही. पण त्यापुढे जे येतं ते मला मान्य नाही. मी वर्षानुवर्षं पेपर तपासले आहेत, बोर्डाचे गठ्ठे घरी आणून रात्री उशिरापर्यंत बसलो आहे, आणि त्या अनुभवावरूनच सांगतो: कारण न दाखवता दिलेले गुण शिक्षकाचा मान वाढवत नाहीत, उलट त्याला दुबळा करतात.

आधी कोर्टाचं पाहू, कारण ते ढालीसारखं पुढे केलं जातं. १९८४ चा तो निकाल आपल्याच राज्याचा आहे: महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध परितोष भूपेशकुमार शेठ. मंडळाच्या १९७७ च्या विनियमांत तरतूद होती की गुणांची पडताळणी करून मिळेल, पण उत्तरपत्रिका पाहायला मिळणार नाही आणि पुन्हा तपासूनही मिळणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. मंडळ दिल्लीला गेलं आणि जिंकलं. उत्तरपत्रिका दाखवणं हा नैसर्गिक न्यायाचा भाग नाही, आणि रोज हे काम करणाऱ्या शिक्षणतज्ज्ञांच्या जागी न्यायालयाने आपलं मत बसवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं.

हा निकाल स्टाफरूममध्ये अर्धाच सांगितला जातो. मंडळाने असा नियम केला तर तो बेकायदा ठरत नाही, एवढंच न्यायालयाने ठरवलं. असा नियम करायलाच हवा, असं त्यात कुठेही नाही. पुढे काय घडलं तेही सांगितलं जात नाही. ऑगस्ट २०११ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात स्पष्ट केलं की तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकार कायद्यातली ‘माहिती’ आहे, आणि विद्यार्थ्याला ती पाहता येते, तिची प्रत घेता येते. परीक्षकाचं नाव गुप्त ठेवा, पण त्याचं काम दाखवा, असा त्या निकालाचा सरळ अर्थ.

आणि ज्या मंडळाने १९८४ मध्ये उत्तरपत्रिका दाखवायला एवढा कडवा विरोध केला, तेच मंडळ आज ठरावीक शुल्क घेऊन छायाप्रत देतं. गेल्या काही वर्षांचे दर आपल्या भागातल्या पालकांना तोंडपाठ आहेत: गुणपडताळणीला विषयामागे ५० रुपये, छायाप्रतीला ४००, आणि छायाप्रत हाती आल्यावर पुनर्मूल्यांकनाला आणखी ३००. उत्तरपत्रिका बाहेर गेल्या तर परीक्षेची घडी विस्कटेल, ही भीती खोटी ठरली. लाखो मुलं दरवर्षी परीक्षा देतात, निकाल लागतात, अकरावीचे प्रवेश होतात. विस्कटलं काहीच नाही.

शुल्काबद्दल मात्र बोललं पाहिजे. दोन विषयांची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन म्हणजे १,४०० रुपये. गिरणाकाठच्या ज्या घरात मुलीची आई कापूस वेचायला जाते, त्या घरात जूनमध्ये ही रक्कम बियाण्याच्या पिशवीतून काढावी लागते. राज्याच्या माहिती अधिकार नियमांत अर्जाला १० रुपये आणि पानाला २ रुपये लागतात. कंपनी सचिवांच्या संस्थेच्या खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्तरपत्रिका माहिती अधिकारात मागितली तर शुल्कही त्या नियमांप्रमाणेच घ्यावं लागेल. ही वाट किती मुख्याध्यापकांनी आपल्या सूचनाफलकावर लावली?

आता जाणकारीचा मुद्दा. शिक्षकाला विषय कळतो, हे खरंच. पण विषय कळणं आणि दोन वेळा सारखेच गुण देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोन संशोधकांनी १९१२-१३ मध्ये एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांतल्या शिक्षकांकडे पाठवून पाहिली. इंग्रजीच्या पेपरात फरक पडणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मग त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला, जिथे उत्तर बरोबर असतं किंवा चूक. त्या एका पेपराला शंभरात २८ पासून ९२ पर्यंत गुण पडले.

दुसरं उदाहरण आपल्याला अधिक जवळचं आहे. सर फिलिप हार्टॉग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. भारतातल्या शिक्षणाची पाहणी करून १९२९ मध्ये अहवाल देणारी समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी ऱ्होड्स या सहकाऱ्याबरोबर परीक्षांचीच परीक्षा घेतली आणि ती १९३५ मध्ये छापली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी तपासल्या. बऱ्याच महिन्यांनी त्याच परीक्षकांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हा दिल्या. एकूण २१० निर्णयांपैकी ९२ ठिकाणी त्याच माणसाने आपलाच आधीचा निर्णय फिरवला. हे अनुभवी परीक्षक होते, कामचुकार नव्हते. थकवा, आधीच्या पेपराचा परिणाम, अक्षर, संध्याकाळची वेळ, यातून कोणी सुटत नाही. म्हणून तर बोर्डाच्या पद्धतीत परीक्षकावर नियामक आणि नियामकावर मुख्य नियामक ठेवलेला असतो. त्याला कोणी अविश्वास म्हणत नाही. मग विद्यार्थ्याने एकदा विचारलं तर तोच अविश्वास कसा होतो?

याहून गंभीर अडचण आदर्श उत्तराची आहे. भूगोलात प्रश्न येतो: आपल्या भागात कापसाचं क्षेत्र जास्त का? आदर्श उत्तरात काळी कसदार मृदा, तापमान, पर्जन्य असे मुद्दे असतात. भडगाव तालुक्यातली मुलगी लिहिते, ‘केळीला बारा महिने पाणी लागतं, आमच्याकडे धरणाचं आवर्तन कधी मिळतं कधी नाही, म्हणून विहीर नसलेले लोक कापूस लावतात. जिनिंग जवळ असल्याने माल लगेच विकता येतो.’ हे उत्तर बरोबर आहे. पुस्तकातल्या तीन शब्दांपेक्षा जास्त भूगोल त्यात आहे. पण यादीशी जुळवत जाणारा परीक्षक चारपैकी एक गुण देऊन पुढे जातो, कारण गठ्ठा संपवायचाय. त्या मुलीला कोणीतरी सांगायला नको का की तिचं उत्तर वाचलं गेलं?

जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयाने १७ एप्रिल १९९१ ला नेमक्या याच प्रश्नाला हात घातला. परीक्षेतल्या गुणांविरुद्ध दाद मागणारे उमेदवार समोर होते. न्यायालयाने परीक्षकाचा मूल्यमापनाचा अधिकार कायम ठेवला, पण दोन अटी घातल्या. उमेदवाराचं उत्तर सयुक्तिक असेल आणि वजनदार आधार देऊन मांडलेलं असेल, तर ते परीक्षकाच्या मताशी जुळत नाही म्हणून चूक ठरवता येणार नाही. आणि उमेदवाराने मुद्देसूद हरकत घेतली तर परीक्षकाने स्वतः आपल्या निर्णयाचा फेरविचार केला पाहिजे. हरकत आधी जाते ती तपासणाऱ्याकडेच. शिक्षकाचा अधिकार यात कुठे गेला? त्याला फक्त स्वतःचं काम पुन्हा वाचून उत्तर द्यावं लागलं.

एवढं सगळं झालं लेखी पेपराबद्दल, आणि तिथे निदान वाट तरी आहे. खरी अंधारी खोली पुढे आहे: अंतर्गत गुण.

बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, परीक्षकाला मूल कोण ते कळत नाही. अंतर्गत गुण देणाऱ्याला मात्र मुलाचं नाव, आडनाव, वाडा-वस्ती, बाप काय करतो, शिकवणी कोणाकडे लावली, सगळं माहीत असतं. दहावीला २० गुण, बारावी विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला ३०, विद्यापीठात बऱ्याच ठिकाणी ६०:४० चा साचा, म्हणजे ४०. तोंडी परीक्षेची छायाप्रत निघत नाही. जर्नलवर सही झाली की ते मुलाला परत जातं, किंवा रद्दीत. जिथे शिक्षकाची सत्ता सर्वांत मोठी आणि सर्वांत जवळची आहे, तिथेच प्रत्यक्षात विचारायची सोय नाही. ‘इंटर्नल माझ्या हातात आहे’ हे वाक्य खानदेशातल्या प्रत्येक कॉलेजच्या आवारात प्रत्येक मुलाने ऐकलेलं असतं. ते कधी वर्गात शांतता राखायला वापरलं जातं, कधी शिकवणीची फी भरून घ्यायला, आणि कधी याहून वाईट कामाला, ज्याबद्दल मुली घरीही बोलत नाहीत.

एका कॉलेजातला प्रसंग सांगतो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातली मुलगी, लेखीत ६० पैकी ४८, त्याच विषयात अंतर्गत ४० पैकी १७. बाप लिंबाची बाग करणारा, हातात सेवा केंद्रातून काढलेली गुणपत्रकाची प्रिंट. विभागात गेला तेव्हा उत्तर मिळालं की अंतर्गत गुण हा आमचा अधिकार आहे, त्याचा हिशेब विद्यार्थ्याला देत नाहीत. तो ओळखीने माझ्याकडे आला. त्याने आवाज चढवला नाही. अहिराणीत एवढंच म्हणाला, ‘गुरुजी, मार्क वाढाई द्या आसं नही म्हनत मी. मन्ही पोरनं काय चुकनं, तेवढं सांगा.’ मी त्याच्याबरोबर गेलो. दोन चाचण्या, एक सेमिनार, हजेरी, असे त्या चाळीस गुणांचे भाग नियमाप्रमाणे पडायला हवे होते. ती नोंदवही टेबलाच्या खणात आहे असं आम्हाला सांगण्यात आलं. खण शेवटपर्यंत उघडला नाही.

त्या माणसाने पुढारी आणला नव्हता, धमकी दिली नव्हती. त्याने एक नोंद पाहायला मागितली होती. गुणांवर अपील झालं की पालक डोक्यावर बसतील, असं सांगणाऱ्यांनी या बापाला काय उत्तर द्यायचं ते आधी ठरवावं.

अंतर्गत गुणांचं काय होतं ते आकड्यांतही दिसलंय. मार्च २०१९ च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० वर आला. ओरड झाली, सरकारने गुण परत आणले, आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० झाला. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता, २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, त्यामुळे सगळा फरक त्या २० गुणांच्या माथी मारता येणार नाही. पण मोठा वाटा त्यांचाच, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. मग आलं २०२१. परीक्षाच झाली नाही. नववीचे ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, असा हिशेब शाळेतल्या निकाल समितीने केला आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या वर्षी शिक्षकाचा शब्द खरोखर अखेरचा होता. त्या गुणपत्रकावर आज कोण किती विश्वास ठेवतं? त्या बॅचच्या हुशार मुलांना विचारा, ‘कोरोना बॅच’ हे शब्द त्यांना किती लागतात.

उदारपणे वीसपैकी वीस देणं हाही त्याच सत्तेचा दुसरा चेहरा आहे. कारण द्यावं लागत नाही म्हणून सगळ्यांना भरभरून देता येतं, आणि कारण द्यावं लागत नाही म्हणूनच एखादीला १७ वर अडकवता येतं. आठवीपर्यंतच्या आकारिक मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. त्या मुलागणिक वेगळ्या असाव्यात ही कल्पना फार चांगली होती. आज बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात आणि शाळाशाळांतून त्याच ओळी उतरवल्या जातात. कारण लिहिण्याची सवयच आपण मोडून टाकली.

आता पालकांच्या आणि पुढाऱ्यांच्या दबावाबद्दल. हा आक्षेप मी हलका धरत नाही. खाजगी संस्थांतल्या शिक्षकाला संस्थाचालकाचा फोन येतो, ‘आपल्या माणसाचा मुलगा आहे, बघून घ्या.’ तासिका तत्त्वावरच्या तरुण प्राध्यापकाची पुढच्या वर्षीची नेमणूक त्या फोनवर अवलंबून असते. पण हा दबाव आज, अंतर्गत गुणांवर अपिलाची वापरातली सोय नसताना आहे. कुठे कागद नाही म्हणूनच तो फोनवर चालतो.

या बाबतीत एक अमेरिकन खटला आपल्या प्रत्येक प्राध्यापक संघटनेने वाचावा. टेनेसी राज्य विद्यापीठात नत्थू पराते नावाचे स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. नागपूरकडच्या वाचकाला हे आडनाव परकं वाटणार नाही. अधिष्ठात्यांनी त्यांना एका विद्यार्थ्याची श्रेणी बदलायला लावलं. त्यानंतर त्यांचे मूल्यमापन अहवाल बिघडले आणि शेवटी नेमणूक पुढे चालू राहिली नाही. अपील न्यायालयाने १९८९ मध्ये निकाल दिला की विद्यार्थ्याला श्रेणी देणं ही प्राध्यापकाची अभिव्यक्ती आहे, आणि त्याला स्वतःच्या हाताने ती बदलायला भाग पाडणं हा त्याच्या घटनात्मक स्वातंत्र्यावर घाला आहे. पण त्याच निकालात पुढे हेही आहे: विद्यार्थ्याच्या अंतिम श्रेणीवर प्राध्यापकाचा मालकी हक्क नाही. विद्यापीठाला बदल करायचा तर त्याने तो आपल्या अधिकारात, आपल्या नावावर करावा.

मला हा भेद फार मोलाचा वाटतो. शिक्षकाच्या सहीखाली दुसऱ्याचा निर्णय खपवता येणार नाही. ज्याला गुण बदलायचे त्याने लेखी कारण देऊन, स्वतःच्या सहीने बदलावेत. असा नियम भडगावच्या कॉलेजात लागू झाला तर संस्थाचालकाचा फोन दुसऱ्याच दिवशी बंद होईल, कारण कागदावर सही करायला फोन करणारा कधीच तयार नसतो. अपिलाची रीतसर पद्धत शिक्षकाचं संरक्षण करते ती अशी.

आणि शिक्षकाचा अधिकार खरोखर कुठून जातो हे पाहायचं तर मुंबई विद्यापीठात २०१७ ला काय झालं ते विसरता कामा नये. पदवीच्या सगळ्या उत्तरपत्रिका घाईघाईने संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय वरून लादला गेला. निकाल महिनोन्महिने रखडले, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, मुलांचे परदेशातले प्रवेश हुकले, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. त्या गोंधळात शिक्षकाला तरी कोणी विचारलं होतं? शिक्षकाचा अधिकार विद्यार्थ्याच्या प्रश्नाने जात नाही. तो असा, वरून जातो, आणि तेव्हा स्टाफरूममधला आवाज फार बारीक असतो.

आणखी एक समज काढायला हवा. गुणांसाठी कोर्टात जायला कोणी सांगत नाही. २०१७ मध्ये रण विजय सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की न्यायालय स्वतः उत्तरपत्रिका तपासत बसणार नाही आणि शंकेचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेलाच मिळेल. ते योग्यही आहे. पण कोर्टाची वाट एवढी अरुंद असेल तर शाळेतली, कॉलेजातली वाट तेवढी रुंद हवी. कॉलेजांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे तक्रार निवारण विनियम आहेत. मूल्यमापनातला अपारदर्शक किंवा अन्यायकारक व्यवहार हा त्यात तक्रारीचा विषय आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, आणि समाधान झालं नाही तर लोकपालाकडे जाता येतं. लोकपालानेही नुसत्या फेरतपासणीचे अर्ज ऐकायचे नाहीत. निकालावर परिणाम करणारी नेमकी अनियमितता किंवा भेदभावाचा नेमका प्रसंग दाखवावा लागतो. म्हणजे ऊठसूट येणाऱ्या अर्जांची भीती विनियम करणाऱ्यांनी आधीच ओळखलेली आहे. आपल्या कॉलेजात ही समिती कोणाची आहे, हे तृतीय वर्षाच्या मुलांना विचारून पाहा. शाळांत तर असं काहीच नाही.

‘एवढा वेळ कुठून आणायचा?’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो प्रामाणिक आहे. जनगणना, निवडणूक, पोषण आहार, ऑनलाइन माहित्या, यांतून शिक्षकाला श्वास घ्यायला फुरसत नाही. म्हणून मागणी अगदी लहान ठेवतो. अंतर्गत गुणांचे भाग सत्राच्या सुरुवातीला फळ्यावर लिहा. प्रत्येक भागाचे गुण मंडळाला किंवा विद्यापीठाला पाठवण्याआधी आठवडाभर वर्गात लावा, नावाऐवजी हजेरी क्रमांकाने. त्या आठवड्यात मुलाने एका कागदावर हरकत लिहिली तर त्याच शिक्षकाने त्याच कागदावर दोन ओळींत उत्तर लिहावं. तरीही वाद राहिला तर त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाने ते काम पाहावं. गावात नसेल तर पाचोऱ्याचा, चाळीसगावचा चालेल. मुख्याध्यापकाने यात पडू नये. गुण बदलले तर बदलणाऱ्याची सही आणि कारण नोंदवहीत राहावं, आणि ती नोंदवही मूल पुढच्या वर्गात जाईपर्यंत जपून ठेवावी. यासाठी नाशिकच्या विभागीय मंडळाची परवानगी लागत नाही, पुण्याहून परिपत्रक यावं लागत नाही, पैसा तर अजिबात लागत नाही. पहिल्या घटक चाचणीपासून कोणत्याही शाळेला हे सुरू करता येईल.